रेघ आधी, ठिपके नंतर

"माशीकडे काय बघतेस? घड्याळ बघ, घड्याळ! गेली ना गोळी खाली!"

टोपी ओरडला तेव्हा गोळी खरंच खालच्या खुणेच्या पार गेली होती आणि धाकटीचा अंगठा अजून घड्याळाच्या बटणावरच होता. पण माशीकडे बघू नये तर काय करावं? पुरुषभर उंचीची काचेची नळी, तिच्यात काठोकाठ एरंडेल, आणि त्या एरंडेलात मधोमध पाय वर करून बसलेली ती माशी. वर येत नाही, खाली जात नाही. लोखंडी गोळी तिच्या शेजारून जायची तेव्हा माशी जरा हलायची, जणू गोळीला वाट करून द्यायची, आणि पुन्हा आपल्या जागी यायची. कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातल्या कुणापेक्षाही तिची हजेरी चांगली असावी.

तेल कधी भरलं हे कुणाला माहीत नव्हतं. बाटलीवर जो रंग छापलेला असतो तो केव्हाच उडून त्याला जुन्या जखमेवरच्या पट्टीचा रंग आला होता. वर धुळीची साय धरली होती. खाली पडलेल्या गोळ्या दोऱ्याला बांधलेल्या लोहचुंबकाने वर ओढून काढायच्या आणि फडक्याने पुसायच्या, अशी पद्धत. ते फडकं तेल पुसण्यासाठी आहे की लावण्यासाठी, यावर विभागात एकमत नव्हतं. वास तर असा की तीन साबण बदलले तरी रात्रीच्या जेवणात घास तोंडाशी नेला की आधी एरंडेल आत जायचं, मग अन्न.

"परत टाकते," धाकटी म्हणाली.

"किती वेळा परत?" टोपीने आपली विणलेली टोपी मागे सरकवली. हा मुलगा भर उन्हाळ्यात लोकरी टोपी घालायचा. डोकं तापलेलं असलं की विचार जोरात धावतात, असं त्याचं म्हणणं. विचारांचं माहीत नाही. टोपीचा मात्र वास यायचा. "अगं, तुला पद्धतच कळली नाही. रेघ आधी, ठिपके नंतर."

"म्हणजे?"

"म्हणजे उत्तर पुस्तकात आहे. आलेखावर तेवढ्या उताराची सरळ रेघ आधी ओढायची. मग रेघेच्या आजूबाजूला ठिपके द्यायचे. एक जरा वर, एक जरा खाली. सगळे रेघेवर बसवू नकोस, बाईंना संशय येतो. आणि मग ठिपक्यांवरून वेळा काढून तक्त्यात भरायच्या. अर्ध्या तासात काम."

"मग गोळ्या कशाला टाकायच्या?"

"हात तेलकट दिसायला नकोत का?" असं म्हणून तो हसला आणि मागच्या खोलीत निघून गेला.

आता ही मागची खोली काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण धाकटीचा जीव तिथे अडकला होता. प्रयोगशाळेच्या मागे मोडक्या उपकरणांची एक खोली होती. तिच्यात एक पोट फुटलेला सोफा, चहाची किटली आणि एक फळा. दारावर पाटी नव्हती, कुलूपही नव्हतं. पण शेवटच्या वर्षातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं की आत कोण बसतं आणि कोण दारात उभं राहून "टोपी आहे का?" एवढंच विचारून जातं. आत बसणारे एकमेकांना 'फिजिसिस्ट' म्हणायचे. गमतीनेच म्हणायचे, पण गमतीत म्हटलेला शब्द रोज म्हटला की त्याचं व्याज चढत जातं. वर्षअखेर तो मुद्दलापेक्षा मोठा होतो. पहिल्या वर्षी जी मुलं गुणपत्रिका बघून निमूट या विषयाला आली होती, तीच आता "आम्हां फिजिसिस्ट लोकांना" म्हणून वाक्य सुरू करायची आणि पुढे काहीही बोलायची.

भौतिकशास्त्रज्ञ नेमका कशाने होतो, याचं त्या खोलीचं शास्त्र ठरलेलं होतं. रसायनवाले म्हणजे आचारी. जीवशास्त्रवाले म्हणजे बेडकांचे वैरी. अभियांत्रिकीला गेलेले म्हणजे फिटर, आणि शाळेत शिकवायला जाणारे म्हणजे वाया गेलेले. गणितवाल्यांबद्दल तेवढं जपून बोलायचं, तेसुद्धा ते शेजारच्या खोलीत असतात म्हणून. परीक्षेचा अभ्यास केला तरी केला नाही म्हणायचं. आणि कप धुवायचे नाहीत. कप धुणारा माणूस मनाने रसायनशास्त्रातच असतो, असं टोपीचं ठाम मत होतं. त्यामुळे खोलीतल्या कपांच्या तळाशी हिरवट लव उगवलेली असायची आणि ज्याच्या कपातली लव जास्त दाट, त्याचं चिंतन जास्त खोल, असा समज होता.

धाकटी दारात उभी राहणाऱ्यांपैकी. तिला आत 'पाहुणी' म्हणत. ती काही मठ्ठ नव्हती. गुणांत त्या सोफ्यावरच्या निम्म्या मंडळींच्या पुढे होती. पण बोलताना तिला "मला वाटतं" म्हणायची सवय होती, आणि मागच्या खोलीत कुणाला काही वाटत नसे. सगळ्यांना माहीत असे. आणि खरं सांगायचं तर त्या घाण सोफ्यावर बसायला मिळावं म्हणून ती झुरत होती. माणूस कशाकशासाठी झुरतो, याचा हिशेब मांडायला बसलं तर आपलीच आपल्याला लाज वाटेल.

घरी तिला तो शब्द फुकट मिळायचा, हीच तर पंचाईत होती.

"या, शास्त्रज्ञ!" थोरला भाऊ जेवणाच्या टेबलावरून हाक मारायचा. त्याचं नळ-तोट्यांचं दुकान होतं आणि बोलणंही तसंच, पिळलं की धार. "मिक्सर बंद पडलाय. बघता का?"

"दादा, मी मिक्सरचं शिकत नाही."

"मग कशाचं शिकता?"

एकदा, फार पूर्वी, तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "विश्वाचं." ते दादाने असं जपून ठेवलं होतं की बस्स. "हो हो, विसरलोच. विश्वाचं उरकलं की मग मिक्सरचं बघा. वहिनीला सांगतो, तोवर वाटण पाट्यावर कर."

"कशाला तिला छळता?" वहिनी म्हणायची. "जेवू द्या. आधीच चार घास खातेय."

"छळत नाही. पण मी आधीच सांगून ठेवतो हं धाकटे, शेवटचं वर्ष आहे. हे वर्ष गेलं तर पुढचं नाही. सरळ काउंटरवर येऊन बसायचं. तिथेही गुरुत्वाकर्षण आहे. तोटी हातातून सुटली की खालीच पडते."

तो हसला. धाकटी हसली नाही. तिने हाताचा वास घेतला आणि ताट बाजूला सारलं.

दादा खोटं बोलत नव्हता. आणि वर्ष जायचं तर ते या एरंडेलापायीच जाणार होतं. बाकीच्या सगळ्या प्रयोगांवर बाईंची सही झाली होती, हा एक उरला होता. सही नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही, असा नियम. शनिवारी दुपारी बाई सह्या बंद करणार होत्या.

प्रयोग तसा पोरकट. छोटी गोळी तेलात हळू जाते, मोठी भरभर. गोळीच्या त्रिज्येचा वर्ग आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर मांडला की ठिपके सरळ रेघेत येतात, असं पुस्तक म्हणत होतं. धाकटीचे ठिपके सुरुवातीला येत होते रेघेत. पण गोळ्या मोठ्या होऊ लागल्या की ठिपके खाली झुकायचे. सर्वांत मोठी गोळी तर जायला हवी त्याच्या कितीतरी मागे. जणू तिला खाली जायचंच नाही.

तिला वाटलं, आपला हात जड आहे. बटण उशिरा दाबलं जातं. तिने पुन्हा केलं. पुन्हा झुकलं. तिला वाटलं, तेल घाण आहे. शुक्रवारी तिने नाक दाबून वरची साय काढली, बशीत काढून ठेवली आणि त्यात काय काय आहे ते चुकून बघितलं: केस, खडूची भुकटी, कुणाच्या तरी नखाचा तुकडा. माशीलाही तिने लांब तारेने बाहेर काढलं. माशी विरघळायच्या बेताला आली होती. तारेला अर्धीच आली. धाकटी बेसिनपाशी जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि परत येऊन गोळ्या टाकल्या.

पुन्हा झुकलं. अगदी तेवढंच.

मग तिने एक गोष्ट केली जी करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. कपाटात एक अर्ध्या रुंदीची नळी पडली होती. तिने ती तेलाने भरली, उभी केली आणि त्याच गोळ्या टाकल्या. या नळीत ठिपके आणखी लवकर झुकले, आणखी खोल. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग उठून मोठी गोळी पुन्हा टाकली आणि या वेळी घड्याळ हातातही घेतलं नाही, नुसती बघत राहिली. गोळी खाली जायची तर तिथलं तेल कुठेतरी जायला हवं. ते गोळीच्या बाजूने वर येणार. गोळी आणि काच यांच्या मधल्या फटीतून. फट जितकी चिंचोळी, तितकी अडवणूक जास्त. हात जड नव्हता. तेल घाण होतं, पण दोष घाणीचा नव्हता. पुस्तकातली रेघ अफाट पसरलेल्या तेलासाठी होती. आणि तेल तर नळीत होतं.

तिच्या पोटात काहीतरी उडालं. दुपार झाली होती, डबा तसाच होता, हात कोपरापर्यंत बरबटलेले होते आणि वास येतोय हे ती पहिल्यांदाच विसरली होती.

कुणाला तरी सांगायला हवं म्हणून ती तशीच मागच्या खोलीच्या दारात गेली.

"टोपी, ते वाकणं नळीमुळे आहे! मी बारीक नळीत करून बघितलं—"

"ईऽऽ! हात बघ आधी!" सोफ्यावरून उसासा ओरडली. या मुलीला दर वाक्याआधी सुस्कारा टाकायची सवय होती, म्हणून हे नाव. "दाराला लावू नकोस गं बाई."

"नळी बदललीस?" टोपीने विचारलं. "कशाला?"

"बघायला."

"सूचनांत आहे का नळी बदला म्हणून?"

"नाही."

"मग?" त्याने फळ्याकडे तोंड केलं. फळ्यावर विश्वाच्या आरंभाचं काहीतरी चाललं होतं. "हे बघ पाहुणे, तेलाच्या बुधल्यात जन्म घालवायचा असेल तर घाल. आम्ही जरा मोठ्या गोष्टींत आहोत."

शनिवारी ती बाईंकडे दोन्ही आलेख घेऊन गेली. बाई सह्यांच्या गठ्ठ्यामागे बसल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या. विद्यार्थी आजारी पडला तर फोन करणाऱ्या, हुशार मुलीचं लग्न घाईने ठरलं तर तिच्या बापाशी भांडणाऱ्या. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, आलेख बघितला आणि चेहरा असा केला, जणू कुणीतरी टेबलावर मेलेलं काहीतरी आणून ठेवलंय.

"हे काय आणलंस?"

"बाई, मोठ्या गोळ्यांना वाकतं. मी पाच वेळा केलं. बारीक नळीत तर जास्तच वाकतं. मला वाटतं, काचेच्या भिंतीमुळे—"

"सगळ्यांची सरळ येते."

"हो, पण—"

"ऐक माझं, पोरी." बाईंनी आवाज खाली आणला. "सरळ रेघ आणलीस तर मला सही करायची आहे. वाकडी आणलीस तर मला तपासावी लागेल. मग तेल तपासावं लागेल, नळी तपासावी लागेल. मग मागच्या सगळ्या मुलांच्या सरळ कशा आल्या तेही तपासावं लागेल. मग प्रमुख विचारतील, बाई, इतकी वर्षं तुम्ही कशावर सह्या करत होतात? मी काय सांगू?"

धाकटी आलेख उचलू लागली.

"मलाही वाकलेली आली होती," बाई एकदम म्हणाल्या. "मी विद्यार्थिनी होते तेव्हा. सरांनी कागद परत माझ्या अंगावर टाकला. म्हणाले, हात सुधार. सुधारला." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "परीक्षेला बसायचंय ना तुला?"

"हो."

"मग चारच्या आत आण."

तिने आणली. कोपऱ्यातल्या बाकावर बसली, नवा आलेख-कागद घेतला, पट्टी धरली आणि रेघ ओढली. एकदाच, न थांबता. मग ठिपके दिले. एक जरा वर, एक जरा खाली. शेवटचा ठिपका देताना तिने तो आधी बरोबर रेघेवर दिला, मग टोपीचं आठवून किंचित खाली घेतला. खाडाखोड होऊ नये म्हणून आधीच्यावरच गिरवून जरा मोठा केला. सगळ्यांत किळसवाणी गोष्ट ही की तो आलेख सुंदर दिसत होता. पाच दिवसांच्या तेलात, ओकारीत आणि उपासात जे आलं नाही, ते वीस मिनिटांत आलं होतं. तिच्या हाताला ते इतकं पटकन जमलं, याचीच तिला जास्त शिसारी आली.

"बघ बरं!" बाई सही करता करता म्हणाल्या. "किती देखणा आलाय."

मागच्या खोलीच्या दारापाशी टोपी उभाच होता. "झाली सही? कशी आली?"

"सरळ."

"शाब्बास! ए, सरका रे, सरका. फिजिसिस्ट आल्या!"

आणि खरंच सगळे सरकले. टाळ्या वाजल्या. सोफ्यावर तिच्यासाठी जागा झाली. ती बसली तेव्हा फाटक्या पोटातून भुसा बाहेर आला. कुणीतरी तिच्या हातात कप दिला. तळाशी लव होती, वरून गरम चहा ओतलेला. लव सुटून वर तरंगू लागली. सगळे बघत होते. तिने एक घोट घेतला.

"आज पाहुणीची सुट्टी," टोपी म्हणाला. "आता तू आपल्यातली. काय असतं माहितीये, बाकीच्या विषयांत माणसं मतं मांडतात. आपल्याकडे निसर्ग बोलतो. आणि निसर्ग कुणाची भीड ठेवत नाही."

"खरंय," कुणीतरी म्हणालं.

उसासाने सुस्कारा टाकला. "सुटलीस बाई. मला तर त्या तेलाचं स्वप्न पडायचं. माझे मेले शेवटचे ठिपके नेहमी खाली यायचे."

धाकटीचा कप थांबला. "खाली?"

"खालीच. मोठ्या गोळ्यांचे. मी म्हटलं, माझा हातच हळू."

"माझेही खालीच यायचे की," खिडकीशी बसलेला एकजण म्हणाला. "मला वाटलं, डोळ्यांचा नंबर वाढलाय."

"तुझे?" धाकटीने टोपीला विचारलं.

टोपीने खांदे उडवले. "खालीच. नवखा हात बटण उशिरा दाबतो."

"सगळ्यांचा? फक्त मोठ्या गोळीला?"

किटलीचा आवाज तेवढा. एक क्षणभर, अगदी एक क्षणभर, सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं जे शुक्रवारी दुपारी धाकटीच्या पोटात उडालं होतं. तिला वाटलं, आता कुणीतरी उठेल. दार ढकलून बाहेर जाईल, नळीपाशी उभं राहील. इथून तिथवर दहा पावलंही नव्हती.

"म्हणजे अख्खा विभागच थरथऱ्या हातांचा!" टोपी म्हणाला आणि टोपी काढून सगळ्यांना सलाम केला.

हशा फुटला. उसासाला तर ठसका लागला. धाकटीही हसली. आपलं हसणं तिला जरा उशिरा ऐकू आलं, आणि ते इतरांच्या हसण्यासारखंच होतं.

तिने कप खाली ठेवला. धुतला नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा दादा दारातच शेजारच्या काकांशी बोलत उभा होता.

"झाली का गं सही?"

"झाली."

"झाली म्हणते!" दादाचा चेहरा असा उजळला, जसा तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काकांकडे वळला. आवाजात टिंगल शोधली तरी सापडली नसती. "काका, ही आमची धाकटी. फिजिसिस्ट आहे."

"वा, वा," काकांनी हात पुढे केला.

धाकटीने नमस्कारासाठी नुसती मान लववली. हात पाठीमागेच ठेवले. "हाताला तेल आहे, काका," ती म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात वहिनी फळी पुसत होती. "बरी आलीस. तेलाच्या डब्याखाली घालायला जाड कागद आहे का गं तुझ्याकडे? रोज डाग पडतात."

"पिशवीत बघ."

वहिनीने पिशवीत हात घातला आणि एक चौकटीचौकटींचा कागद बाहेर काढला. दुहेरी घडी घालणार तोच धाकटी म्हणाली, "तो नको."

"का? निकामी दिसतोय की." वहिनीने कागद दिव्याकडे धरला. "आधी सरळ चाललंय आणि मग हे असं खाली आलंय. चुकलं का?"

"नाही."

"मग असं वाकडं?"

"तसंच आहे ते."

वहिनीने मान हलवली, कागद तिच्या हातात परत दिला आणि जुनं कॅलेंडर फाडायला गेली. धाकटी बेसिनपाशी तशीच उभी राहिली, नळ न सोडता. कागदाच्या कडेला, शेवटच्या ठिपक्याच्या जरा वर, तिच्या अंगठ्याचा एरंडेलाचा ठसा उमटला होता. तेवढ्याच जागी कागद पारदर्शक झाला होता आणि त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता.